लाडू जेवलो काय?

आमच्या घरी आजवर राहायला आलेल्या पाहुण्यांपैकी सगळी कागदपत्रं पूर्ण असलेला पाहुणा एकच, आणि तो साप होता.

त्याचं नाव लाडू. आफ्रिकेकडच्या जातीचा, अजगराच्या कुळातला, बिनविषारी. घाबरला की स्वतःला गुंडाळून गोल होणारा. आमची मुलगी रुचा पुण्यात नोकरी करते. तिने तो चार वर्षांपूर्वी पाळला, रीतसर सरकारदरबारी नोंद करून. (आपल्याकडचे साप पाळणं गुन्हा आहे. परदेशी सापाला मात्र नोंदणीचा दाखला मिळतो. लाडूच्या दाखल्यावर एकच मालक होता. आमच्या घराच्या सातबाऱ्यावर अजून सतरा जण आहेत!)

रुचाच्या कंपनीने तिला सहा महिने जर्मनीला पाठवायचं ठरवलं आणि प्रश्न आला, लाडूला ठेवायचं कुठे? आता मी मिठबावच्या शाळेत विज्ञान शिकवते. 'साप हा शेतकऱ्याचा मित्र' हा धडा गेली बावीस वर्षं मी असा काही रंगवते की पोरं खिडकीबाहेर मित्र शोधायला लागतात. त्यामुळे मी फोनवर ऐटीत म्हटलं, "घेऊन ये गं इकडे! त्यात काय एवढं?"

खरं सांगायचं तर मी इतक्या जवळून साप पाहिला होता तो फक्त फळ्यावर, स्वतः काढलेला. तोही मी शेपटीकडून पुसत आणते.

मे महिन्याच्या मध्यावर रुचा गाडीतून काचेची पेटी, दिवा, तापमापक आणि लाडू घेऊन उतरली. माझे सासरे, म्हणजे आबा, वय वर्षं ब्याऐंशी, काठी टेकत पुढे आले आणि त्यांनी दारातच हात आडवा धरला.

"थांब गो! आदी तुकडो ओवाळून टाकतंय. आफ्रिकेसून इलोहा तो. वाटेर काय काय लागलेला आसात!"

भाकरीचा तुकडा ओवाळून झाला. लाडूने जीभ बाहेर काढून दाखवली. आमच्या ह्यांनी (ह्यांचा आंब्याचा व्यवसाय, चाळीस फुटी कलमाच्या शेंड्यावर हे हात सोडून उभे राहतात) एवढ्या वेळात अंगणातल्या विहिरीच्या पलीकडे जागा घेतली होती. "माका हयसून बरो दिसता," हे म्हणाले.

रुचाने जाताना मला दोन गोष्टी दिल्या. एक, फ्रीजरमध्ये सुंगटांच्या, म्हणजे कोळंबीच्या, शेजारी ठेवायला गोठवलेल्या उंदरांचं पाकीट. दोन, सूचनांचा कागद. पेटी उबदार ठेव. आठ दिवसांनी एक उंदीर कोमट पाण्यात सैल करून चिमट्याने दे. खाल्ल्यावर दोन दिवस त्याला अजिबात हलवू नकोस, नाहीतर खाल्लेलं टाकतो.

"आणि आई," ती गाडीत बसताना म्हणाली, "नव्या जागेत एकदा खाल्लं की रुळला असं समजायचं. माझ्या विमानाला पंधरा दिवस आहेत. तोवर त्याने खाल्लं नाही, तर मी जाणार नाही."

"सापासाठी जर्मनी सोडणार?"

"त्याला उपाशी टाकून मी नाही जाऊ शकत."

ती थट्टा करत नव्हती. हट्टी आहे; माझ्यावर गेली आहे, असं सगळे म्हणतात. आणि मला तिने जायलाच हवं होतं. मी बारावीला तालुक्यात पहिली आले तेव्हा मुंबईच्या कॉलेजात प्रवेश मिळत होता, पण माझ्या वडिलांनी मला कणकवलीच्या पुढे जाऊ दिलं नव्हतं. त्यामुळे माझ्या मुलीचं विमान एका लांबड्याच्या भुकेवर अडकलंय म्हटल्यावर मी पदर खोचला. जेवू घालणं हे काय आपल्याला नवीन आहे?

ठरल्या दिवशी मी वाडग्यात कोमट पाणी घेतलं आणि डोळे मिटून पाकीट उघडलं. मागून आबांचा आवाज आला.

"आज वार काय?"

"सोमवार, आबा."

"सोमवारी ह्या घरात मासो शिजत नाय, आणि तू उंदीर काढतंस?"

"अहो, तो लाडूक देवचो आसा!"

"लाडू ऱ्हवता खंय? ह्याच घरात मां? मग ह्या घराचे वार तेकाय पाळूक व्हये!"

उंदीर परत सुंगटांच्या शेजारी गेला. मंगळवारी नेमकी अंगारकी निघाली. बुधवारी एकदाचा मुहूर्त लागला. मी लांब दांड्याचा चिमटा आणखी लांब व्हावा म्हणून काठीला बांधला आणि खोलीच्या उंबऱ्यावरून, मान दुसरीकडे वळवून, पाहुण्याला जेवण वाढलं. लाडूने उंदराकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. आणि गोल झाला.

गुरुवार आबांच्या दत्ताचा. शुक्रवारी पुन्हा वाढलं, पुन्हा गोल. रविवारी तर तो उंदीर बघण्याआधीच गोल झाला!

आता मात्र प्रकरण घराण्याच्या अब्रूवर गेलं. जे आबा वार सांगून अडवत होते, तेच अस्वस्थ झाले. "आमच्या घरात पावणो उपाशी? सात पिढ्येत असा झाला नाय! तेका बांगडो भाजून दी."

"आबा, तो बांगडो खायना."

"खायना म्हणजे? वास तरी घेव दी!"

त्यांनी खरंच पेटीपाशी बशीत बांगडा ठेवला. लाडूने दुर्लक्ष केलं, मग आबांनीच तो खाल्ला. वाडीत बातमी पसरली. मी दूध आणायला निघाले की प्रत्येक कुंपणावरून एकच प्रश्न, "बाई, लाडू जेवलो काय?" ह्यांना वेगळंच दुःख होतं. मागच्या खोलीत भाताच्या पेंढ्यात आंब्याच्या तीन अढ्या पिकत घातल्या होत्या आणि एक उंदीर रोज त्यातले चार आंबे कुरतडत होता, सापळ्यातलं खोबरं खाऊन सापळा साफ करून ठेवत होता. "घरात एक उंदीर आमका खाता," हे म्हणायचे, "आणि आमी सापाक उंदीर खावक विनवण्ये करतंव!"

विमानाला चार दिवस उरले आणि लाईट गेली. पेटी थंड पडायला लागली. मी गरम पाण्याची पिशवी भरली, झाकण उघडून काठीने आत ढकलली आणि झाकण बंद केलं. म्हणजे मला वाटलं, बंद केलं. (खटका लावायला हात जवळ न्यावा लागतो.)

सकाळी पेटीत गरम पाण्याची पिशवी होती. गारढोण. बाकी कोणी नव्हतं.

मी किंकाळी फोडली. हे धावत आले, पेटी बघितली आणि पुढच्या क्षणी टेबलावर उभे होते. "वरसून चांगला गावता शोधूक," हे म्हणाले. मग शोध सुरू झाला. चपलांत, पिंपांमागे, धुण्याच्या बादलीत, माझ्या शाळेच्या पिशवीत. हे टेबल सरकवत सरकवत खोल्या बदलत होते. आबा काठी आपटत अंगणभर हाका मारत फिरले, "यो रे लाडवा, यो!" सापाला ऐकू येत नाही हे मी त्यांना सांगितलं. "तुका कोणी सांगल्यान? इचारलंस तेका?" ते म्हणाले.

संध्याकाळी ठरल्याप्रमाणे रुचाचा व्हिडिओ कॉल आला. आणि मी, बावीस वर्षं मुलांना खरं बोलावं म्हणून छड्या दाखवणारी बाई, काथ्याचा जाड दोर वेटोळं करून पेटीतल्या कोपऱ्यात ठेवून बसले होते. दिवाही मंद केला होता.

"आई, झोपलाय का?"

"गाढ!"

"किती छान गोल बसलाय गं. रंग जरा फिका वाटतोय."

"हवा बदललीय ना!"

"खाल्लं?"

"खाईल गं, खाईल!"

ती दोराला "गुड नाईट, सोन्या" म्हणाली. मला इतकी लाज वाटली की मी फोन ठेवून पदराने तोंड झाकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी रुचा म्हणाली, "आई, मी उद्या सकाळी अकरापर्यंत वाट बघते. नाहीतर ऑफिसला कळवते की मी नाही जात." मी होकार दिला आणि तुळशीपाशी जाऊन ढसाढसा रडले. माझ्या वडिलांनी मला अडवलं होतं ते निदान समोरून. मी तिला अडवत होते ते झाकण नीट न लावून!

आबांनी पाहिलं. सकाळी उठून त्यांनी आंघोळ केली, नारळ घेतला आणि परसातल्या राखणदाराच्या दगडापाशी आम्हा दोघांना उभं केलं. आमच्याकडे जागेचा राखणदार असतो. अडलं-नडलं की त्याला गाऱ्हाणं घालायचं.

"बा राखणदारा म्हाराजा! ह्या जागेचो तू मालक!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही.

"आफ्रिकेसून इलेलो एक गरीब जीव वाट चुकलोहा. तेका ना हंयची भाषा येता, ना हंयची वाट गावता!"

"व्हय म्हाराजा!"

"तेका वार पाळूक लावण्यात माझी काय चूक-भूल झाली आसात, तर ती पोटात घाल! पण तेका सुखरूप घराक हाड, आणि माझ्या नातीक सुखरूप परदेशाक धाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी इतक्या मोठ्याने ओरडले की माडावरचे कावळे उडाले.

नारळ फोडून परत येतो तोच दारात जीप. कोल्हापूरहून दरवर्षी आंबे न्यायला येणारे अण्णा. माणूस भला, पण संशयी.

"काय वो, आंबं पेंढ्यातच पिकवल्यात न्हवं? पावडर-बिवडर न्हाई न्हवं?"

आमच्या ह्यांना कुणी आईवरून बोललं तर हे एकवेळ सोडून देतील, पण आंब्यावरून नाही. "पावडर? चला, दाखयतंय!" म्हणत हे अण्णांना तरातरा मागच्या खोलीत घेऊन गेले आणि पेंढ्यात कोपरापर्यंत हात घातला.

हाताला जे लागलं तो आंबा नव्हता.

हे कसे गेले ते मी पाहिलं नाही. मी पोचले तेव्हा हे फळीवरच्या रिकाम्या पेट्यांवर होते आणि अण्णा जीपमध्ये, काचा वर करून. मी पेंढा बाजूला सारला. (हाताने! मीच! माझ्याच हाताने!) आतून छान ऊब येत होती. पिकत्या हापूसांच्या मधोमध, सोनेरी पेंढ्यात, लाडू एखाद्या सावकारासारखा पसरला होता. आणि त्याचं पोट मधोमध हे एवढं फुगलं होतं. त्याच्याभोवतीच्या एकाही आंब्यावर दाताची खूण नव्हती.

"जेवलो!" मी ओरडले. "आबा! लाडू जेवलो!"

"काय जेवलो?" ओसरीवरून आबा.

"उंदीर! आमचोच!"

"आज वार काय?"

"रविवार!"

"मग काय हरकत नाय!"

अण्णांनी काच दोन बोटं खाली केली. मी दाखल्याची झेरॉक्स आत सरकवली, बिनविषारी आहे हे तीनदा सांगितलं. ते उतरले, लांबूनच डोकावले आणि मान हलवत म्हणाले, "पावडर असती तर ह्यो हितं असा झोपला असता व्हय? आणा, हाय न्हाई तेवढा सगळा माल आणा!" बाकीच्या दोन्ही अढ्या त्यांनी तिथल्या तिथे उचलल्या. लाडूची अढी सोडून. त्याला दोन दिवस हलवायचं नव्हतं ना!

अकराला दहा कमी असताना मी रुचाला फोन लावला आणि पेंढ्यातलं ते फुगलेलं पोट दाखवलं. मग सगळं कबूल केलं.

"म्हणजे तीन दिवस मी दोराला गुड नाईट म्हणत होते?" ती किंचाळली. मग हसली. मग हसता हसता तिने डोळे पुसले. "आई, तू ग्रेट आहेस! आता मी निर्धास्त जाते. पहाटेचं विमान आहे, भरायचं राहिलंय सगळं. ठेवते!"

मी जिंकले होते. आबांनी वाडीभर निरोप धाडला, येणाऱ्या-जाणाऱ्याला साखर वाटली. ह्यांनी पेट्यांवरून उतरून मला चक्क शाबासकी दिली. दुपारी मी सगळ्यांची पानं वाढली, सुरमईच्या तुकड्या तळल्या, भात वाढला, आणि माझ्या पानावर बसले तेव्हा एकदम लक्षात आलं. रुचा आता खरंच जाणार. सहा महिने. विमानाने. माझ्याच कर्तृत्वाने!

घास काही उतरेना. मी पान सरकवलं. "माका भूक नाय."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मग आबांकडे. आबांनी हातातला घास खाली ठेवला, सुरमईची मधली तुकडी माझ्या पानावर घातली आणि म्हणाले, "जेव गो. पंधरा दिवस एकाची मनधरणी केलंव, आता परत नव्यान सुरवात करूची ताकद नाय माका."

मी रडत रडत, नको नको म्हणत, तीनदा भात घेतला.