संयुक्त, म्हणजेच विभाज्य

संख्या संयुक्त निघाली. दोनाला दोनाने लाखो वेळा गुणत जायचं आणि उत्तरातून एक वजा करायचा, अशी ती संख्या. छापली तर अख्खं पुस्तक भरेल. ती मूळ संख्या असेल या आशेने मी फतेगंजच्या घरी पुढच्या खोलीतला कॉम्प्युटर कित्येक आठवडे बंद होऊ दिला नव्हता. गुजराती मुलखातल्या मराठी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला दुसरं व्यसन काय असणार!

संध्याकाळी स्वयंपाकघरात चहा घेताना मी सुनेला म्हटलं, "संयुक्त निघाली."

"एटले विभाज्य ने, पप्पा?"

सून गुजराती. तीही गणितच शिकवते, पण गुजराती शाळेत. त्यांच्या पुस्तकात अशा संख्येला विभाज्य म्हणतात, आपल्याकडे संयुक्त. संख्या तीच, आपल्याला जोडलेली दिसते, त्यांना तुटणारी. एरवी मी यावर हसलो असतो, पण त्या दिवसांत तो शब्द मला झोंबला. मुलगा आणि सून गोत्रीत फ्लॅट बघत होते. मुलाची नोकरी वाघोडियाला, म्हणजे शहराच्या एका टोकाला, आणि गोत्री पार दुसऱ्या टोकाला. तेव्हा "कामाला सोयीचं पडेल" ही त्याची थाप माझ्या गळी उतरणं शक्य नव्हतं. ते दोघं आणि माझी पाच वर्षांची नात, तिघांनी जाऊ नये असं मला फार वाटत होतं. बायको गेल्यापासून या घरात जो काही आवाज असतो तो त्यांचाच. पण खरं कारण विचारायला जीभ रेटत नव्हती.

"अवयव कोणते आले?" सुनेने विचारलं.

"ते नाही कळत."

"मग विभाज्य कशावरून?"

मी मास्तरकीवर आलो. मूळ संख्येची एक सवय असते. तिच्याहून एकने कमी एवढा तीनचा घात करायचा आणि त्याला तिनेच भागायचं. बाकी एकच उरते. आमच्या संख्येने भलतीच बाकी दाखवली. एवढ्यावरून ती मूळ नाही हे पक्कं झालं. "ती तुटते हे नक्की," मी म्हणालो, "पण कशाने तुटते ते ठाऊक नाही. आपल्या हयातीत कळेलच असंही नाही."

सून कप विसळत होती, ती थांबली. "आपलं घर कशाने तुटतंय ते मी सांगू, पप्पा? कामाचं कारण खोटं आहे. बेबी अगियार बोलते ने, की तुम्ही लगेच तिच्याकडून अकरा म्हणवून घेता. रोजचं आहे. आता ती तुमच्यासमोर मोजतच नाही. तिला अशी गप्प बसलेली मला नाही बघवत."

मला राग आला. अकराला अकरा म्हणायला शिकवणं हा गुन्हा कधीपासून झाला? मी तसं बोलूनही दाखवलं. नातवंडाला घरची भाषा आजोबाने नाही शिकवायची तर कोणी? सून पुन्हा कपाकडे वळली. त्यामुळे मला आणखीच चेव आला. पोरगी माझ्यासमोर मोजत नाही म्हणजे काय, आत्ता दाखवतो, म्हणून मी नातीला हाक मारली.

"ये गं, मला मोजून दाखव बघू."

ती आली. आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आजोबा, तुमचे आकडे की आमचे?"

माझा सगळा चेव जागीच विरला. एका ताटात जेवणारी पोर, आणि तिच्या हिशेबी मी पलीकडचा.

"तुझे," मी कसंबसं म्हणालो.

तिने जरा विचार केला. "मग तुम्ही बाहेरच्या खोलीत जा."

मी उठून गेलो. आतून एक, बे, त्रण ऐकू यायला लागलं. दहा झाल्यावर ती न थांबता पुढे गेली.