शतावरीची फांदी

कपाट आवरताना वाळवलेल्या वनस्पती चिकटवलेली कॉलेजची जुनी फाइल सापडली. डांबरगोळीचा वास आला आणि मी थेट बी.एस्सी.च्या सहलीत जाऊन उभी राहिले.

वनस्पती गोळा करायला आमचा वर्ग भोकरदनकडच्या डोंगरात गेला होता. वर्गात पहिला नंबर माझा. सरांनी एक काटेरी वेल दाखवताच मी तिचं लॅटिन नाव धडाधड सांगून टाकलं.

"बरोबर. पण हिचा उपयोग काय?" सरांनी विचारलं आणि मी वही चाळायला लागले.

मागून आमच्याच वर्गातली हसनाबादची सुभद्रा बोलली. तिच्या घरी शेळ्या होत्या. "शतावर हाय सर. शेळीचं दूध आटलं की हिची मुळी चारतेत."

सरांनी ते वहीत लिहून घेतलं. मग दिवसभर सर आणि सुभद्रा पुढे, आम्ही सगळे मागे. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. त्यात फाइलला हवी तशी, शतावरीची फुलं आलेली फांदीही एकट्या तिलाच सापडली.

जेवायला बसलो तेव्हा तिने वर्तमानपत्रात दाबून ठेवलेली ती फांदी मी हळूच काढली आणि माझ्या कागदात दडवली. मान वर केली तर ती बघत होती.

"राहू दे तुला," भाकरी मोडत ती म्हणाली. "मला काय, रानात कुठंबी भेटती."

फांदी आता तपकिरी पडलीय. खाली माझ्या वळणदार अक्षरात लॅटिन नाव आहे. चोरी पकडली गेली, त्याचं मला आता काही वाटत नाही. पण इतक्या सहज देऊन टाकावं एवढं तिच्याकडे होतं, ही जळजळ अजून गेलेली नाही.