लाल पांघरुणातलं गाढव

लढाईच्या दिवसांत मूर्तिजापूर स्टेशनावर लष्करी गाड्या थांबत. माझे वडील तिथे आमच्या मळ्यातले जाम, म्हणजे पेरू, विकत. एका गोऱ्या शिपायाला ते इतके आवडले, की त्यानं वडिलांच्या रिकाम्या टोपलीत रंगीत चित्रांचं एक पुस्तक टाकलं. वडिलांनी ते माझ्या हाती दिलं. मी इंग्रजी पहिलीत होते, म्हणजे घरातली विदुषीच.

पुस्तकाचा नायक एक गाढव होतं. पाठीवर लाल पांघरूण, पायजम्यावरून चड्डी. ते आभाळात उडे आणि पुढच्या एका पायानं रेल्वेचं इंजिन थोपवून धरी.

माझी विधवा आत्या आमच्याकडेच राहायची. दुपारी ती शेवंतीचे हार ओवायला बसली, की वडील मला वाचून दाखवायला बसवत. मला मुळाक्षरांपलीकडे फारसं काही येत नव्हतं, पण ते सांगायचं कुणी? मी पान उघडून ठोकून दिलं: गाढव कुंभाराचं आहे, गरिबांच्या हाकेला धावून जातं. चड्डी वरून का, असं आत्यानं विचारलं. घाईत निघालं म्हणून, असं मी सांगितलं. तिला ते पटलं.

हळूहळू शेजारच्या मळ्यांतल्या बायाही येऊ लागल्या. पुस्तक तीस-बत्तीस पानांचं. मी ते सबंध हिवाळा पुरवलं. बायांच्या आग्रहावरून गाढवाचं लग्नही ठरवलं.

अशात आत्याचा मुलगा सुटीवर आला. तो अमरावतीच्या कॉलेजात शिकत होता. त्यानं पुस्तक चाळलं आणि सगळ्यांदेखत खरा अर्थ सांगितला. गाढव एक विशिष्ट गवत खाऊन बलवान होतं. इंजिन ते लोकांना वाचवायला धरत नाही. त्याची गाडी चुकत असते. आणि मागची पानं तर नुसत्या सायकलींच्या जाहिराती आहेत. कुंभार कुठेच नाही.

मला जमीन फाटावी असं वाटलं. मी रडत रडत कबूल केलं, की मला वाचता येत नाही.

आत्यानं हातातला हार पुरा केला. मग लेकाला म्हणाली, "तुले तिथं बराबर शिकवून नाई राह्यले, बाप्पा." माझ्याकडे वळून म्हणाली, "तू कावून रडतं व? पुढं सांग."

मी पुढं सांगू लागले. दादा भिंतीकडे तोंड करून कॉलेजची वही वाचत बसला. मी सांगत असेपर्यंत त्यानं एकही पान उलटलं नाही.

चार दिवसांनी तो परत निघाला. वडील टांगेवाल्याशी बोलत होते. तेवढ्यात त्यानं मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "नवरीकडचे लोक गाढवाले हो म्हनतीन ना?"

मी म्हटलं, इंग्रजी अवघड आहे, अजून तिथवर पोचले नाही.