दरवाज्याच्या आत

महाल या शहराच्या जुन्या भागात आम्ही राहतो ते ‘दरवाज्याच्या आत’. तो दरवाजा रस्ता रुंद करताना पाडला तेव्हा मी पाचवीत होतो. हौद त्याच्याही आधी बुजवला होता, आणि घोड्यांची पागा तर माझ्या वडिलांनीही पाहिलेली नव्हती. तरी आमच्या मोहल्ल्यात पत्ता सांगायचा तो असाच: दरवाज्याच्या आत, हौदाच्या मागे, पागेची बोळ. कोणी ‘मोबाइलच्या दुकानासमोर’ म्हटलं की तो माणूस नव्या वस्तीतून, धरमपेठेतून राहायला आला असावा, असं आम्ही समजायचो.

मला तर याचा जरा जास्तच माज होता. रविवारी पाहुण्यांना घेऊन मी ही सगळी ठिकाणं दाखवायचो, म्हणजे ती जिथे होती तिथलं डांबर दाखवायचो.

मागच्या मे महिन्यात, भर दुपारी, वडिलांच्या छातीत दुखायला लागलं. घामानं बनियन ओलं झालं. मी अँब्युलन्सला फोन लावला आणि सवयीनं तेच सांगितलं, दरवाज्याच्या आत, हौदाजवळ. तशा अवस्थेतही वडिलांनी मला दुरुस्त केलं.

“हौदाजवळ नको सांगू गा. हौदाच्या मांगं सांग, नाही तं तो चुकन.”

मी तसं सांगितलं.

ड्रायव्हर शहराबाहेरचा, कोराडीकडचा होता. दहा मिनिटांत तो चौकात आला. तिथून आमचं घर पायी तीन मिनिटांवर आहे. त्याचा फोन आला, “दादा, दरवाजा कुठं आहे? इथं तं कोणालेच मालूम नाही.”

मी त्याच्यावर ओरडलो. कोणत्याही म्हाताऱ्याला विचार म्हटलं. मग स्वतःच धावत सुटलो आणि उभा कुठे राहिलो, तर दरवाजा होता त्या जागी. गाडी सायरन वाजवत पलीकडच्या रस्त्यानं दोनदा निघून गेली. शेवटी शेजारणीला वडिलांपाशी बसवून बायको आली आणि तिनं माझ्या हातातला फोन ओढून घेतला.

“दादा, लाल बोर्डाचं मोबाइलचं दुकान आहे न, त्याच्यासमोर या.”

दोन मिनिटांत गाडी दारात होती.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणायला हवं होतं. तो अर्धा तास मी कुठे घालवला, हे सांगायची मला लाज वाटली. अजून वाटते. आई तेव्हा गावाला गेली होती; तिलाही मी गाडी उशिरा आली एवढंच सांगितलं आहे.

तेरवीची पत्रिका चुलतभावानं लिहून आणली. खाली पत्ता नेहमीचाच होता. मी पेन घेऊन ती ओळ खोडली आणि तिथे मोबाइलच्या दुकानाचं नाव लिहिलं.

“काहून खोडलं गा?” तो म्हणाला. “काकाले आवडलं नसतं.”

“लोक वेळेवर पोचले पाहिजेत,” मी म्हणालो.