मधले दोन दिवस

"सुकेल, साहेब, सुकेल." ओल्या छपाईवर हलकी फुंकर मारून काका म्हणायचे. घरी भांडण झालं तरी तेच, अंगात ताप असला तरी तेच.

वागळे इस्टेटमधल्या आमच्या छापखान्यात ते ऑफसेट मशीन चालवायचे, मी सुपरवायझर. तुमच्याही कामाच्या ठिकाणी असा एखादा असेल, सगळ्यांचा काका. मोहने गावातल्या घरून येताना डब्यात कारल्याची भाजी आणायचे, शुगरसाठी. ती संपली की कोपऱ्यावरच्या दुकानातली जिलेबी. मी रागावलो तर म्हणायचे, "कडू आधी खाल्लं ना? मग फिट्टंफाट!"

त्या वर्षी कॅलेंडरांची फार घाई होती. काका अंगात ताप घेऊनच कामावर येत होते. सोमवारी कागदाचा गठ्ठा उचलताना ते भिंतीला टेकले, धापा टाकायला लागले. कोरोनात घेतलेलं ऑक्सिमीटर माझ्या ड्रॉवरमध्ये पडून होतं. त्यांच्या बोटाला लावलं. शहाऐंशी.

"काका, बोटाला शाई आहे तुमच्या. म्हणून चुकतंय."

"मग पुसतो की." रॉकेलच्या चिंधीनं त्यांनी बोट घासलं. नखात काळं उरलंच. आकडाही हलला नाही.

"बघा साहेब, मशीनलापण माझा रंग पसंत नाही." ते हसायला गेले आणि अर्ध्यावरच थांबले. दम पुरला नाही.

माझं स्वच्छ बोट त्यात घालून बघायला कितीसा वेळ लागला असता? मी घातलं नाही. आकडा खरा निघाला असता तर छपाई थांबवावी लागली असती.

बुधवारी ते मशीनपाशीच खाली बसले. मी रिक्षात घालून त्यांना हॉस्पिटलात नेलं, काकूंना बोलावून घेतलं. फ्लूनं दोन्ही फुप्फुसं धरली होती.

"वय?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"अठ्ठावन्न," काकू म्हणाल्या.

"शुगर? विडी-सिगरेट?"

"शुगर आहे. विडी आत्ता दिवाळीत सोडली."

"दम कधीपासून लागतोय?"

"आजच ओ. घरी चांगले बोलत होते."

अशा पेशंटला दम लागला की त्याच दिवशी आणायचं असतं, डॉक्टरबाई म्हणाल्या. वय, शुगर, विडीनं खराब झालेली छाती, हे सगळं काकांचं होतं. मधले दोन दिवस माझे. तेव्हा तरी मी तोंड उघडायला हवं होतं.

काका व्हेंटिलेटरवरून परत आले नाहीत.

तेराव्याला मोहन्याला गेलो. काकूंनी मला पहिल्या पंगतीला बसवलं आणि दिराला सांगितलं, "हेच ते साहेब. यांनी धावपळ केली म्हणून, नाहीतर कामावरच गेले असते हे."

दिरानं माझ्यापुढे हात जोडले.

काकूंनी पुन्हा भात वाढला. मी नको म्हटलं नाही.