अंगठ्याच्या जागी शेगडा

भिंगारच्या बाजारात केशरबाई पटवेकरणीचं दुकान म्हणजे एक फळी, एक गोणपाट आणि तिच्या उजव्या पायाचा अंगठा. हसू नका! पोत गाठवायची तर रेशमाचं टोक अंगठ्याला अडकवायचं, ताण द्यायचा आणि गाठी मारत यायचं. चाळीस वर्षं गावच्या बायकांची मंगळसूत्रं तिनं अशीच गाठवली. रिटायर्ड मेजर आबासाहेबांना गळ टाकायचा भारी नाद. मासा फसावा म्हणून गळावर पिसं नि रेशीम गुंडाळून केलेल्या खोट्या माश्याही ती त्याच अंगठ्यावर बांधायची.

सत्तर सालच्या दिवाळीआधी बाई घसरून पडली नि गुडघा कामातून गेला. पाय दुमडायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. पुणतांब्याहून मुलगा मच्छिंद्र न्यायला आला. पोरगा गुणाचा, सून त्याहून गुणाची. पण दिवसभर रिकाम्या हातांनी ओट्यावर बसायचं? तरी संध्याकाळच्या एस्टीचं ठरलं, कपड्यांची पिशवीही भरून झाली.

दुपारी आबासाहेब आले. त्यांनी दोन चिमुकले शेगडे, म्हणजे सुताराकडे वस्तू पकडायला असतात तसे लोखंडी चाप, फळीच्या कडेला आवळून बसवले. दोन्हींच्या जबड्यात गळ घट्ट धरला जाई. एक चकचकीत, जागचा न हलणारा. दुसरा काळपट, बोट लावलं की जबडा गळासकट गरगर फिरे.

"यातला एक तुमचा, केशरबाई. संध्याकाळपर्यंत बघून सांगा."

"त्यात काय बघायचं? ह्यो काळा ढिला झालाय."

"अहो, तो फिरण्यासाठीच केलाय."

"आसंल. माजा अंगठा चाळीस वर्सांत कवा हालला न्हाई. मला ह्यो पांढराच बरा."

आबासाहेब मिशीत हसले आणि दोन्ही ठेवून गेले.

बाई स्टुलावर बसली, पाय खोक्यावर लांब केला. पण चकचकीत शेगड्यावर काम काही जमेना. गळाची खालची बाजू दिसेना, पीस तीनदा निसटलं. वर प्रत्येक वेढ्याला गुडघ्यात कळ! पाय तर सरळ, मग मेली ही कळ कशाची? तिनं वाकून पाहिलं आणि बघतच राहिली. पाऊल आपोआप वळत होतं. वेढा पलीकडे गेला की बाहेर, अलीकडे आला की आत.

"अगं बया!" ती ओरडलीच. "ह्यो अंगठा तर जल्मभर फिरतोय!"

तिनं गळ काळ्या शेगड्यात धरला. डाव्या हाताच्या बोटानं जबडा फिरवला, उजव्यानं पीस धरलं. पीस कसं गुमान गुंडाळत गेलं! मग त्याच गळाला रेशीम अडकवून पोतीची गाठ मारून पाहिली. तीही बसली. पाय खोक्यावर गप्प पडून होता. केशरबाईला हसू आलं, हसता हसता रडू फुटलं. महिनाभर छातीवर ठेवलेला धोंडा उतरला होता.

संध्याकाळी आबासाहेब आले तेव्हा तिनं चकचकीत शेगडा त्यांच्या हातात दिला. "घिऊन जा ह्यो. लई अडेलतट्टू हाय."

मच्छिंद्र पिशवी घेऊन दारात उभा होता. "आई, एस्टी चुकंल."

"मग पळ की! पिशवी तेवढी ठिव हितं," ती गळावरची नजर न हलवता म्हणाली. "आन् सूनबाईला म्हनावं, तुजी पोत पाठवून दे. सासू गाठवून दील."