शोघाकातनं गालुस्तला राजा केलं

शोघाकात नावाची मुलगी लग्न होऊन आरागात्स डोंगराखालच्या त्या दगडधोंड्यांच्या गावात आली आणि चालीप्रमाणे तिच्या तोंडाला कुलूप लागलं. सासऱ्यानं मोकळीक देईपर्यंत नव्या सुनेनं थोरांपुढे चकार शब्द काढायचा नाही. सासरे आव्दो नावाजलेले कथेकरी. हिवाळ्यात गोठ्याशेजारच्या उबदार खोलीत गाव जमायचं आणि ते वीर पूर्वजांची गाथा गायचे. एका दुपारी गाथेतल्या वीरानं राक्षसाला तलवारीनं मारलं, आणि कोपऱ्यात लोकर पिंजणारी सून पटकन बोलून गेली, "तलवारीनं नाही, मुठीनं!"

सासूच्या हातातली परात खाली पडली.

"कोण म्हणतं?" आव्दोंनी विचारलं.

"माझे बाबा. आमच्याकडे मुठीनंच मारतात, मामंजी."

आव्दो मिशीत हसले. "आता बोललीच आहेस, तर सांग बाबांची गाथा. बघू तरी."

तेव्हापासून त्या घरात दोन गाथा जावांसारख्या भांडत नांदल्या. आव्दो गेले, मग शोघाकात सांगू लागली. पण तिला एक खोड होती. वीर ती जुनेच ठेवायची, दुष्ट मात्र गावातून उचलायची. शेजारचा गालुस्त म्हणजे काम दिसलं की लंगडणारा माणूस. त्यानं आपली दगडी भिंत हळूच तिच्या कांद्याच्या वाफ्यात सरकवली, आणि त्या हिवाळ्यात गाथेतला शत्रूराजा लंगडू लागला. वर तपकीर ओढून शिंकूही लागला. खोलीभर खसखस पिकली. नेमका तेव्हाच गालुस्त शिंकला.

पुढे राजधानी येरेवानहून झारुही नावाच्या बाई टेपरेकॉर्डर घेऊन आल्या. गावोगावची गाथा गोळा करून कुठं काय बदलतं ते ताडून बघणं, हेच त्यांचं काम. शोघाकातची गाथा, राजा पळताना मारला जातो तिथपर्यंत, त्यांनी टेपवर घेतली.

"आजी, हा राजा दुसरीकडे कुठंच लंगडत नाही! फार जुनं दिसतंय हे."

"फारच जुनं," शोघाकात गंभीरपणे म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गालुस्त चीज घेऊन दारात हजर.

"वहिनी, माझी नातवंडं येरेवानला शिकतात. त्यांनी हे ऐकलं तर? काढ मला त्यातून."

"राजाच काढला तर वीरानं काय माश्या मारायच्या?"

"भिंत मागे घेतो."

"मग लंगडणं काढते. तपकीर राहील."

गालुस्त उंबऱ्यावर टेकला. "राहू दे. पण मला पळताना मारू नकोस गं. समोरून वार घेऊन पडू दे."

शोघाकात बघतच राहिली. इतके हिवाळे हा शिंकत बसायचा, आणि शब्दन् शब्द मनाला लावून घेत होता तर! तिनं झारुहीबाईंना यंत्र पुन्हा सुरू करायला लावलं. या खेपेला राजा ताठ मानेनं घोड्यावर बसून आला आणि असा लढला, की तो कोसळला तेव्हा गालुस्तचेच डोळे भरून आले.

झारुहीबाई गोंधळल्या. "आजी, काल तर राजा पळाला होता. खरं कुठलं?"

"दोन्ही ठेव. तुला फरकच हवे होते ना?"

गालुस्तनं नाक पुसलं आणि खुर्ची यंत्राजवळ ओढली. "बाई, ते जरा मागे फिरवा. मी पडलो ते नीट ऐकू आलं नाही."